दहाव्याचा घास

फार फार जुन्या काळी, नद्यांवर पूल नव्हते आणि पलीकडे जायचं तर काठावर उभं राहून नावाड्याला हाळी घालावी लागायची, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी. थोरांनी तर कान देऊन ऐकावी, कारण यातली चूक थोरांचीच आहे.

एका नदीकाठी एक गाव होतं. गाव तसं चांगलं होतं. आलेल्या पाहुण्याला गूळपाणी दिल्याशिवाय तिथे कोणी त्याचं नावही विचारत नसे. पण त्या गावात एक रीत होती. आपल्यामागे कोणाला काय द्यायचं, हे जिवंत माणसाने तोंडाने बोलायचं नाही. बोललं की यम येऊन उंबऱ्याशी बसतो, असं सगळे मानायचे. म्हातारी माणसं गुडघ्यांबद्दल बोलत, पावसापाण्याबद्दल बोलत, शेजारणीच्या सुनेबद्दल तर दिवस मावळेपर्यंत बोलत. पण घर कोणाचं, गाय कोणाची, हे विचारलं की तोंडाला कुलूप.

मग वाटणी व्हायची कशी? कावळा करायचा.

हसू नका. खरंच कावळा करायचा. माणूस गेला की दहाव्या दिवशी घाटावर भाताचा पिंड ठेवत. हक्क सांगणारे एकेक करून पुढे येत आणि पिंडाजवळ हात जोडून उभे राहत. ज्याच्या वेळेला कावळा पिंडाला शिवेल, त्यालाच सगळं मिळावं ही गेलेल्याची इच्छा, असं गावचा कारभारी जाहीर करी. त्यावर पुन्हा शब्द नाही.

त्याच घाटाला एक नाव बांधलेली असे. नावाडी सत्तरीला टेकलेला होता. उभ्या जन्मात त्याने इतके दहावे पाहिले होते की त्याला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. नदी वाहते, लोक मरतात, कावळा शिवतो. यात नावाड्याने विचार करण्यासारखं काय आहे?

त्याचा एक जिवाभावाचा मित्र होता, घोंगड्या विणणारा. बाजाराच्या दिवशी घोंगड्यांचं गाठोडं घेऊन तो नावेत बसे आणि दोघांच्या गप्पा पलीकडचा काठ येईपर्यंत चालत. एकदा नाव मधल्या धारेला आली, तेव्हा विणकर हळूच म्हणाला, "ऐक रे नावाड्या. माझी झोपडी आणि माग माझ्या सुनेला द्यायचा."

"मला कशाला सांगतोस? चावडीवर सांग."

"वेड लागलंय का? गावात बोललो तर यम येऊन बसेल. इथे धारेत बरं. यमाला काही पोहता येत नाही."

"तो रेड्यावर बसतो," नावाडी म्हणाला. "आणि रेड्याला पाणी फार आवडतं."

दोघेही खूप हसले. मग विणकर हसायचा थांबला. "मुलगा गेल्यापासून तीच करते रे माझं सगळं. तीन वर्षं झाली. माहेरी बोलावलं तरी गेली नाही. म्हणाली, मामंजी, तुम्हाला भाकरी कोण घालील? माग चालवायलाही शिकली. पुतण्या आहे म्हणा एक. मुलाच्या लग्नाला आला होता, जेवून गेला. तू लक्षात ठेव. तिलाही मी सांगून ठेवलंय, नावाड्याला सगळं ठाऊक आहे म्हणून."

"ठेवतो लक्षात," नावाडी म्हणाला.

त्या थंडीत विणकर वारला. तेराव्याच्या आधीच काय, तिसऱ्याच्याही आधी पुतण्या हजर झाला. डोक्याला लालभडक पागोटं बांधलेलं. सून सुतकात घरात बसली होती. पुतण्या मात्र रोज सकाळी घाटावर यायचा, पळसाच्या पानावर दहीभात ठेवायचा आणि जीभ टाळ्याला लावून 'टक्‌ टक्‌' असा आवाज काढायचा. नावेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, एक म्हातारा कावळा नेहमी बसलेला असे. तो झेप घेऊन खाली यायचा आणि दहीभात फस्त करायचा. नऊ दिवस हे चाललं. नावाडी बघत होता. त्याला वाटलं, बिचाऱ्याला काकाचं फार दुःख झालेलं दिसतंय. मुक्या जिवाला घास घालतोय.

दहावा दिवस उजाडला. सगळं गाव घाटावर जमलं. आधी सून पुढे आली. तिने हात जोडले. "मामंजी, मी आलेय," एवढंच म्हणाली. कावळा नाळेवर बसून राहिला. ऊन वर चढलं, तरी तो हलला नाही.

मग पुतण्या पुढे आला. पागोटं सारखं केलं. आणि जिभेने हळूच टक्‌ टक्‌ केलं.

कावळा सरळ खाली आला आणि पिंडात चोच खुपसून खायला लागला.

"शिवला! शिवला!" कारभारी ओरडला. "झोपडी आणि माग पुतण्याचा!"

सून रडली नाही. तिने वळून नावाड्याकडे बघितलं. "नावाडीबाबा, तुम्हाला ठाऊक आहे ना? मामंजींनी तुम्हाला सांगितलं होतं. सांगा की यांना."

सगळ्या माना नावाड्याकडे वळल्या. कारभाऱ्याने भुवई उचलली. "मेलेल्याच्या तोंडात जिवंताने शब्द घालायचा नाही, ही रीत आहे. तुला काही म्हणायचंय का रे?"

नावाड्याच्या हातात वल्हं होतं. पुरात, भोवऱ्यात, काळ्याकुट्ट पाण्यात ते त्याने कधी सोडलं नव्हतं. आज त्याने ते खाली ठेवलं. त्याची जीभ टाळ्याला चिकटली. "मी... मी काय सांगणार?" तो म्हणाला आणि खाली बघायला लागला.

त्याच दुपारी ती बाई एक गाठोडं आणि एक तांब्या घेऊन नावेपाशी आली. "पलीकडे सोडा."

"पलीकडे कोण आहे तुझं, पोरी?"

"अलीकडे कोण आहे?"

 नावाड्याने नाव सोडली. मधल्या धारेला, विणकर जिथे बोलला होता नेमकं तिथे, त्याचा हात सुटला आणि एक वल्हं पाण्यात पडून वाहायला लागलं. ती पटकन वाकली, वल्हं धरलं आणि वल्हवायला लागली. वेडीवाकडी का होईना, नाव काठाला लागली. पलीकडच्या काठावर नावाड्याचं एक छप्पर होतं, दोर आणि जाळी ठेवायचं. "इथे राहा," तो म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवेना.

परत आला तेव्हा कावळा नाळेवर बसून पंख साफ करत होता. नावाड्याचं डोकं भडकलं. त्याने वल्ह्याने पाणी उडवलं. "चोरा! भाताच्या गोळ्यापायी एका बाईच्या डोक्यावरचं छप्पर खाल्लंस! मेल्यावर नरकात जाशील!"

"आधी ते वल्हं खाली ठेव," कावळा म्हणाला, "आणि मग काय शिव्या द्यायच्या त्या दे."

नावाड्याने वल्हं खाली ठेवलं.

"नऊ दिवस लाल पागोटं आलं, टक्‌ टक्‌ झालं, दहीभात मिळाला," कावळा म्हणाला. "दहाव्या दिवशी लाल पागोटं आलं, टक्‌ टक्‌ झालं, मी खाली आलो. यात मी काय चुकलो? मला भूक लागते. तुमचा तो विणकर कोण, सून कोण, मला काय माहीत? मला कोणी सांगितलं होतं का?"

"तू गेलेल्याचा निरोप सांगतोस, असं सगळं गाव म्हणतं!"

"गाव म्हणतं. मी कधी म्हणालो?" कावळ्याने पिसं फुलवली. आता तोही चिडला होता. "माझ्या आज्याला, पणज्याला, सगळ्यांना तुम्ही हेच काम लावलं. चांगली दोन वीत जीभ आहे तुम्हाला. बाजारात वांग्यासाठी भांडता तेव्हा ती पार कोपरापर्यंत बाहेर येते. आणि जन्मभराची कमाई कोणाला द्यायची, हे बोलायची वेळ आली की जीभ गिळून बसता आणि एका पाखराच्या भुकेला साक्षीला उभं करता! विणकराला ठाऊक होतं, तो बोलला नाही. तुला ठाऊक होतं, तू बोलला नाहीस. आणि चोर कोण? तर मी! काव!"

एवढं बोलून तो उडून गेला. नावाडी नावेत मटकन खाली बसला. रागाने त्याचे कान तापले होते. पण आता तो राग कोणावर काढायचा, हे त्याला कळेना, कारण समोर पाण्यात त्याचंच तोंड दिसत होतं.

दोन वर्षं गेली. ती बाई वल्हवायला शिकली. नुसती शिकली नाही, तर पाण्याचा रंग बघून भोवरा कुठे आहे ते सांगायला लागली. नावाड्याला खोकला लागला, खांदे धरले. तो मागे बसून नुसता "डावीकडे, पोरी, डावीकडे" म्हणायचा. पुढे पुढे तेही म्हणावं लागेना.

नावाड्याला एक मुलगा होता. बाजारगावात त्याचं दुकान होतं. त्याने जन्मात कधी वल्ह्याला हात लावला नव्हता. बाप थकलाय हे कानावर गेलं, तसा तो एक दिवस आला. बापाच्या पाया पडला. मग नावेत उतरला आणि वितीने फळ्या मोजायला लागला.

"काय करतोस रे?" नावाड्याने विचारलं.

"काही नाही, आबा. साग आहे ना हा? दुकानाला दारं झकास होतील."

"अरे, मी अजून नावेत बसलोय!"

"बसा की, आबा. तुम्ही कशाला उठताय? मी नुसतं माप घेतोय." आणि बापाच्या मांडीखालची फळी मोजता यावी म्हणून त्याने बापाला जरा सरकायला सांगितलं.

नावाडी सरकला. त्याच वेळी त्याला काठावरून एक आवाज ऐकू आला. टक्‌ टक्‌. वर बघतो तो लाल पागोटं. पुतण्या पळसाच्या पानावर दहीभात ठेवत होता. नंतर त्याने ते पागोटं काढलं, हसत हसत नावाड्याच्या मुलाच्या डोक्यावर ठेवलं आणि म्हणाला, "आता तू कर बघू. जीभ टाळ्याला लाव. हां, अस्सं!"

माणूस जिवंत आहे, समोर बसलाय, श्वास घेतोय आणि त्याच्या दहाव्याची तालीम चाललीय! नावाड्याचा खोकलाच थांबला. अंगात एवढा संताप भरला की खोकल्याला जागाच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. पलीकडे जायला सगळं गाव टोपल्या घेऊन घाटावर उभं. पण नावाड्याने दोर सोडला नाही. तो नावेत उभा राहिला.

"आज आधी माझं ऐकायचं. मग पलीकडे जायचं."

"अरे, भाजी सुकेल!" मागून कोणीतरी ओरडलं.

"सुकू दे. माझं घर, परस आणि परसातली जांभळं माझ्या मुलाला. तो माझ्या रक्ताचा आहे, त्याचं त्याला मिळालं पाहिजे. पण ही नाव, दोन्ही वल्ही आणि पलीकडचं छप्पर विणकराच्या सुनेला. नाव फळ्यांसाठी नसते, पलीकडे जाण्यासाठी असते. ही नाव ती चालवते, ती तिलाच."

घाटावर एकदम कालवा झाला. बायकांनी पदर तोंडाला लावले. मुलगा लाल झाला. "आबा! अहो, चारचौघांत काय बोलताय हे? लोक म्हणतील, मीच बोलायला लावलं."

"तुला नको असलेलं बोललोय. मग तू लावलंस, असं कोण म्हणेल?"

कारभारी पुढे आला. त्याचा आवाज चढला होता. "आपल्या गावात वाटणी मेल्यावरच होते. तू वाटणी बोललास, म्हणजे आमच्या दृष्टीने तू मेलास! आणि मेलेल्याची इच्छा काय, हे कावळा सांगेल. रीत म्हणजे रीत. आणा रे भात!"

एका बाईच्या शिदोरीतला भात घेतला. त्याचा पिंड वळला आणि घाटाच्या पायरीवर ठेवला. मुलाने मान खाली घातली होती, पण पुतण्याने आपलं लाल पागोटं त्याच्या डोक्यावर ठेवलं आणि त्याला पुढे ढकललं. मुलाने टक्‌ टक्‌ केलं. नाळेवरच्या कावळ्याने मान वाकडी केली आणि पंख उघडले.

तेवढ्यात नावाडी नावेतून उतरला. ताडताड पायऱ्या चढला. वाकून त्याने तो पिंड उचलला आणि सरळ तोंडात घातला.

 एका म्हातारीच्या हातून टोपली पडली आणि वांगी पायऱ्यांवरून गडगडत नदीत गेली.

नावाडी शांतपणे चावत होता. घास गिळून तो म्हणाला, "मीठ कमी आहे."

कोणी हसलं नाही.

"काय बघताय? माझ्या नावाचा घास आहे, मी खाल्ला. माझ्या मनात काय आहे ते कावळ्याला कशाला विचारता? मी उभा आहे ना इथे? मला विचारा! दात पडलेत, जीभ शाबूत आहे. मी हयात असताना, शुद्धीत असताना सांगतोय ते तुम्हाला खोटं वाटतं, आणि दहीभाताला चटावलेल्या पाखराचं खरं वाटतं? लाज वाटू द्या! त्या पाखरालाही वाटते!"

"काव," कावळा म्हणाला आणि पंख मिटून घेतले.

"आणि आता दुसरं ऐका," नावाडी म्हणाला.  "दोन वर्षांमागे याच पायरीवर या बाईने मला विचारलं, आणि मी गप्प बसलो. विणकराने झोपडी आणि माग सुनेला सांगितला होता. मला, माझ्या नावेत, त्याच्या तोंडाने. आणि हा पुतण्या नऊ दिवस आधी कावळ्याला शिकवत होता. मी डोळ्यांनी पाहिलं."

पुतण्या हसला. "दोन वर्षांनी आठवलं होय? विणकराला बोलव मग. तो सांगू दे."

 नावाड्याने कारभाऱ्याकडे बघितलं, तर कारभारी नदीकडे बघत होता. विणकर येणार नव्हता. बोलायची त्याची वेळ गेली होती आणि नावाड्याचीही. उशिरा दिलेली साक्ष म्हणजे पूर ओसरल्यावर आणलेली नाव. तिच्यात कोण बसणार?

तेव्हा जिची वांगी वाहून गेली होती, ती म्हातारी पुढे आली. "कारभारी, माझी तांबडी गाय माझ्या नातीला. मोठ्या मुलाला नाही. तो गाईला मारतो."

"आजी, तुम्ही तरी गप्प बसा!"

"का? मी मेले का? बघ की, बोलतेय मी! हे पाच जण उभे आहेत, सगळ्यांनी ऐकलं. अगं ए, तू ऐकलंस ना?"

"ऐकलं, आजी," विणकराची सून म्हणाली. त्या दिवशी ती एवढंच बोलली. मग तिने दोर सोडला आणि गावाला पलीकडे नेलं.

नावाडी त्यानंतर लगेच मेला, असं तुम्हाला वाटत असेल. तसं झालं नाही. वाटणी बोलूनही तो आणखी चार वर्षं जगला, नावेच्या मागच्या बाजूला ऊन खात बसला. यमाला बहुधा रेडा सापडत नव्हता. मुलाने दोन वर्षं अबोला धरला, मग जांभळांच्या दिवसांत आपण होऊन आला.

नावाडी गेल्यावर दहाव्याला भात ठेवला, पण कोणी काही विचारलं नाही, कारण विचारायचं काही उरलंच नव्हतं. कावळा दुपारी, त्याला भूक लागली तेव्हा आला आणि निवांत जेवून गेला. नाव त्या दिवशीही चालू होती.

पुढे गावात म्हातारी माणसं हयातीत, पाच जणांसमोर बोलून ठेवायला लागली. पुतण्या म्हातारा झाला तेव्हा तोही घाईघाईने चावडीवर आला आणि सगळं धडाधड सांगून मोकळा झाला. कावळा कसा शिकवता येतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

पण विणकराचा माग सुनेला मिळाला नाही तो नाहीच. तो पुतण्याच्या पडवीत उभा राहिला. त्यावर एकही घोंगडी विणली गेली नाही आणि हळूहळू त्याला वाळवी लागली. ती बाई रोज त्या पडवीसमोरच्या घाटाला नाव लावायची आणि रोज तिकडे न बघता परत फिरायची.

म्हणून सांगतो: आपल्यामागे कोणाला काय द्यायचं ते हयातीत, शुद्धीवर असताना, पाच माणसांसमोर सांगून ठेवा; मनात ठेवलेली इच्छा शेवटी दुसऱ्याच कोणाच्या तरी चोचीत जाते.